आईचं लग्न गुरुवारी, लेकीची शाळाही गुरुवारी

पत्राचा सारांश : सांगलीत राहणाऱ्या या ताईंचं वय ३६. चार वर्षांपूर्वी त्यांचे पती गेले. दहा वर्षांची मुलगी विश्रामबागच्या शाळेत पाचवीला आहे. ताई नोकरी करतात आणि सासू-सासऱ्यांजवळच राहतात. आता मिरजेच्या एका विधुर गृहस्थांशी त्यांचं लग्न ठरलं आहे. मुलगी त्यांना ओळखते, दोघांचं बरं जमतं, पण लग्नाचं तिला अजून नीट सांगितलेलं नाही. लग्न नोंदणी पद्धतीने करायचं म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नोटीस दिली आणि ऑक्टोबरातला एक गुरुवार धरला. त्याच आठवड्यात शाळेची पहिल्या सत्राची परीक्षा आली; गुरुवारी परिसर अभ्यासाचा पेपर. सासूबाई म्हणतात, "पोरीला शाळेत जाऊ दे. आईच्या लग्नात लेकरानं उभं राहू नये. संध्याकाळी आल्यावर कळेलच तिला." ताईंचा प्रश्न असा : "माझ्या लग्नासाठी तिची शाळा, तीही परीक्षा, बुडवणं बरोबर आहे का? शाळेला कारण काय लिहू? 'आईचं लग्न' असं लिहायला हात धजत नाही. लग्नानंतर तिघांनी तीन दिवस गणपतीपुळ्याला जायचं म्हणतोय, म्हणजे पुन्हा शाळा बुडणार."

ताई, आधी तुमचं मनापासून अभिनंदन. पत्राच्या दोन पानांत तुम्ही तीन वेळा "माझ्यामुळे तिचं नुकसान नको" असं लिहिलंय, म्हणून नुकसानाचा हिशोब आधी मांडू.

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरावी असं म्हटलंय. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस. तेव्हा एक दिवस म्हणजे दोनशेतला एक. हजेरीपत्रकावर एक खाडा पडेल, एवढंच. आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. ७५ टक्के हजेरीची धास्ती दहावी-बारावीच्या पालकांना असावी, पाचवीच्या नाही. वर्षभर नियमित जाणाऱ्या मुलीचा एक साधा गुरुवार बुडाला, तर त्या दिवसाचा गृहपाठ आणि फळ्यावरचं लिखाण शनिवारी दुपारी बसून भरून निघतं.

पेपरची गोष्ट थोडी वेगळी. पाचवीत सत्राच्या मूल्यमापनात निम्मा वाटा आकारिकचा, म्हणजे वर्षभरातलं तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय यांचा. उरलेला निम्मा संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचा. आजारी पडलेल्या मुलांचा पेपर बऱ्याच शाळा नंतर घेतात, तसा तुमच्याही मुलीचा घेतील. पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे आणि त्यात कमी पडणाऱ्यांना पुनर्परीक्षा द्यावी लागते, हे खरं. पण ती दुसऱ्या सत्राच्या शेवटी. ऑक्टोबरातला एक पेपर हुकल्यानं वर्ष जात नाही. तरीसुद्धा त्या दिवशी पेपर बुडवू नका असंच मी सांगेन. कारण मार्कांचं नाही. दहा वर्षांच्या मुलीनं आठवडाभर परिसर अभ्यास पाठ करायचा, पेपरच्या दिवशी सगळा वर्ग शाळेत असताना आपण गैरहजर राहायचं, आणि मग शिक्षक खोलीच्या कोपऱ्यात एकटीनं तो पेपर सोडवायचा, यानं तुमचं लग्न तिच्या डोक्यात त्या एकट्या बाकाशी कायमचं जोडलं जाईल. शिवाय "पेपरला का नव्हतीस?" हा प्रश्न साध्या दिवसाच्या खाड्यापेक्षा दहापट जास्त मुली विचारतात.

आणि तारीख हलवणं तुमच्या हातात आहे. गुरुवार ठरलाय म्हणजे ठरलाच, असं तुम्ही धरून चालला आहात. कायदा तसं म्हणत नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे नोटीस दिल्यापासून ३० दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं. त्यानंतर, नोटिशीच्या तारखेपासून तीन महिने पुरे होईपर्यंत केव्हाही लग्न लावता येतं. तीन महिने उलटले तर मात्र नोटीस बाद होते आणि पुन्हा पहिल्यापासून नोटीस, पुन्हा ३० दिवस. तुमची नोटीस सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ दोन महिने तुमच्यापुढे मोकळे आहेत. नोटिशीच्या पोचपावतीवरची तारीख पाहा, तिच्यावरून दोन्ही टोकं कॅलेंडरवर पेनाने खुणा करून ठेवा, आणि शेवटचा आठवडा सोडून द्या. सर्व्हर बंद, साहेब बैठकीला, साक्षीदाराला ऐनवेळी ताप, असं काही झालं तर हाताशी चार दिवस असायला हवेत.

या दोन महिन्यांत दिवाळीची सुट्टी येतेच. राज्य सरकारची कार्यालयं आठवड्याला पाच दिवस चालतात, शनिवार-रविवार बंद. पण शाळेची दिवाळीची सुट्टी कार्यालयांच्या सणाच्या सुट्टीपेक्षा बरीच लांब असते. शाळा बंद आणि विवाह अधिकाऱ्यांचं कार्यालय चालू, असे कामाचे काही दिवस तुम्हाला त्यात सापडतील. रविवारच हवा असेल, तर मंदिरात धार्मिक विधीनं लग्न लावून नंतर त्याची नोंद सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत करता येते. ही नोंद ९० दिवसांच्या आत केलेली बरी, पुढे दंड लागतो. पण तुमची नोटीस झालेलीच आहे, तेव्हा तीच वाट धरा. विवाह अधिकारी कार्यालयाबाहेर, जवळपासच्या ठिकाणी येऊन लग्न लावू शकतात आणि त्यासाठी जादा शुल्क असतं, अशीही सोय त्याच कायद्यात आहे. ती अधिकाऱ्यांच्या सवडीवर असते, विचारून पाहायला हरकत नाही. दिवस निवडताना परीक्षेइतकीच आणखी एक तारीख जपा : तिच्या पप्पांच्या वर्षश्राद्धाची तिथी आणि इंग्रजी तारीख, दोन्ही. मोठी माणसं तिथी धरतात, मुलं तारीख धरतात.

आता एक विचारते, ताई. समजा, तारीख दिवाळीच्या सुट्टीत गेली. पेपर नाही, शाळा नाही, अर्ज नाही. मग लेक तुमच्या लग्नाला येणार का? सासूबाईंचा नकार तर तिथंही उरेल. तुमचा हात तिथंही धजणार नाही, फक्त लिहिण्याऐवजी सांगताना. मला वाटतं, शाळा हा इथं आडोसा झालाय. "शाळा बुडू नये" हे कुणालाही पटणारं वाक्य आहे, म्हणून न बोलता येणारं दुसरं वाक्य त्याच्यामागं उभं राहिलं : आईचं लग्न लेकीनं पाहू नये.

हे दुसरं वाक्य आलं कुठून, ते पाहायला हवं, कारण सासूबाई ते दुष्टपणानं म्हणत नाहीत. आपल्याकडे विधवेच्या लग्नाला लग्न म्हणतच नसत. काही जातींत ते मुळीच चालत नसे, आणि जिथं चालायचं तिथं त्याला पाट म्हणत, कुठं म्होतूर. पाट लागायचा रात्री, अंधारात, मोजक्या माणसांत. सवाष्णींनी तो पाहायचा नाही, सकाळ होईपर्यंत त्या बाईचं तोंडसुद्धा कुणी पाहायचं नाही. लेकरांना तर लांबच ठेवत. विधवांच्या लग्नाला कायद्याची मान्यता १८५६ साली मिळाली, तरी अंधार गेला नाही. "लेकरानं उभं राहू नये" या शब्दांत तोच अंधार आहे. लेकराच्या भल्याचा विचार त्यात कधी नव्हता. बाईनं दुसऱ्यांदा संसार मांडणं ही लपवायची गोष्ट आहे, एवढाच विचार होता. तुमच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. सासूबाईंशी बोलताना हेरवाडचं नाव घ्या. पुण्या-मुंबईच्या दाखल्यांपेक्षा नदीपलीकडच्या गावाचा दाखला घरात लवकर पटतो.

मुलीला शाळेत पाठवून संध्याकाळी सांगितलं, तर तिच्या पदरी काय पडेल ते बघा. ती सकाळी वेणी घालून डबा घेऊन निघाली, आणि तिच्या पाठीमागं घर बदललं. पुढं कितीही दिवस ती शाळेतून येताना दार उघडायच्या आधी मनात विचारेल, आज काय झालं असेल? वडील गेलेल्या मुलीला हे फार जड जातं, कारण एकदा तसं झालेलं आहे.

म्हणून दिवस कोणताही ठरवा, तिला आधी सांगा. आदल्या रात्री नाही. निदान तीन-चार आठवडे आधी. मावशीनं नाही, होणाऱ्या पतींनीही नाही, तुम्ही स्वतः. घरात नको, आजी-आबा शेजारच्या खोलीत असतील तर ती मोकळेपणानं रडणारही नाही. रविवारी संध्याकाळी तिला घेऊन हरिपूरला संगमावर जा, भेळ घ्या, घाटावर बसा आणि सांगा. चालताना किंवा शेजारी बसून मुलं जास्त बोलतात, समोरासमोर बसवलं की गप्प होतात.

सांगताना एक चूक बहुतेक आया प्रेमापोटी करतात : "बाळा, मी लग्न करू का? तुला चालेल का?" असं विचारतात. हे विचारू नका. दहा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर आईच्या आयुष्याचा निर्णय टाकायचा नसतो. ती "हो" म्हणाली तर पप्पांशी बेइमानी केल्यासारखं तिला वाटेल, "नाही" म्हणाली तर आईचं सुख मोडल्यासारखं. निर्णय तुमचा आहे, तो झालेला आहे, हे सरळ सांगा. विचारायचं ते त्या दिवसाबद्दल : तू यावंस असं मला वाटतं, तुला कसं यायला आवडेल? कार्यालयात सह्या होताना थांबशील, की फक्त जेवायला येशील, की त्या दिवशी मावशीकडे राहशील आणि संध्याकाळी भेटशील? तिन्ही खरोखर खुलं असलं पाहिजे. ती शेवटचं निवडली तर तुमच्या पोटात कालवाकालव होईल. ती तिला दिसू देऊ नका. त्या दिवशीच्या सकाळपर्यंत मत बदलायची मुभा ठेवा.

ती लगेच काही बोलणार नाही. दोन-तीन दिवसांनी, रात्री पांघरूण घेताना किंवा गाडीवर मागे बसल्यावर, प्रश्न यायला लागतील. ते साधारण हेच असतात : मी त्यांना काय म्हणू? माझं नाव बदलणार? पप्पांचा फोटो कुठं जाणार? आजी-आबा आपल्याबरोबर येणार का? मी कुठं झोपणार? शाळा बदलणार का? यांची उत्तरं तुम्ही दोघांनी आधी आपसात ठरवून ठेवा, नाहीतर तुम्ही एक सांगाल आणि ते दुसरं. "बाबा म्हण" असा आग्रह करू नका. आज ज्या नावानं हाक मारते, तेच नाव राहू द्या. पप्पांचा फोटो तिच्या खोलीत, तिच्या टेबलावर. शाळा तीच. विश्रामबाग सांगली आणि मिरजेच्या मधोमध आहे, तेव्हा व्हॅनची बाजू बदलेल, वर्ग बदलणार नाही. हे सांगितल्यावर अर्ध्या मुलांचा श्वास खाली बसतो.

नावाचं तर अगदी नक्की सांगा. तुमच्या लग्नानं मुलीचं नाव, मधलं नाव किंवा आडनाव आपोआप बदलत नाही आणि बदलावं लागतही नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, आधारवर, जन्मदाखल्यात जे आहे ते तसंच राहतं. वडिलांच्या पश्चात नैसर्गिक पालक तुम्ही आहात आणि पुन्हा लग्न केलं म्हणून ते पालकत्व जात नाही, हे १९५६ च्या पालकत्व कायद्यावरून स्पष्ट आहे. सासरच्या नात्यात कुणी "लग्न केलंस तर पोरगी आमची" म्हणालंच, तर हे माहीत असू द्या. तुमच्या नव्या पतींना मात्र लग्नामुळं तिचे कायदेशीर पालक होता येत नाही. पुढं कधी दत्तक घ्यावंसं वाटलं तर त्याची रीतसर प्रक्रिया वेगळी, आणि पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती त्यात लागते. आता ते मनात आणू नका. वर्ष-दोन वर्षं जाऊ द्या.

अर्जाचं बोलते. शाळेच्या दिवशीच लग्न धरलंत तर अर्ज लागेल. "ताप आला होता" असं लिहू नका. दुसऱ्या दिवशी हाताला मेंदी लावून ती वर्गात जाईल आणि बाईंपुढं खोटं तिला बोलावं लागेल, तुम्हाला नाही. शिवाय आईचं लग्न म्हणजे तापासारखं काहीतरी झाकायचं असतं, हे ती न सांगता शिकेल. आणि ताई, खोटं लिहायची गरजच नाही. अर्जात एवढं पुरतं :

"मा. वर्गशिक्षिका यांस, सा. न. वि. वि. माझी मुलगी (नाव), इयत्ता ५ वी, तुकडी (…), हजेरी क्र. (…), ही दि. (…) रोजी घरातील विवाह समारंभामुळे शाळेत येऊ शकणार नाही. त्या दिवसाचा अभ्यास ती पुढील दोन दिवसांत पूर्ण करेल. तरी एक दिवसाची रजा मंजूर व्हावी, ही विनंती. आपली, (सही)."

घरातील विवाह समारंभ. शब्द न् शब्द खरा. लग्नसराईत असे अर्ज प्रत्येक वर्गात येतात. कुणाचं लग्न, हे कागदावर यायला हवं असं नाही. पण वर्गशिक्षिकांना तोंडी खरं सांगा, आठवडाभर आधी, शाळा सुटल्यावर पाच मिनिटं मागून, मुलगी जवळ नसताना. त्यांना एवढंच सांगायचं की तिच्या वागण्यात पुढचे महिना-दोन महिने फरक दिसला, वही अर्धवट राहिली, चिडचिड झाली, तर मला कळवा. वर्गात सगळ्यांपुढं तिचं अभिनंदन करू नका किंवा काही विचारू नका, हेही बाईंना सांगा. हजेरीवरचं नाव आहे तेच राहील. आणि न्यायला येणाऱ्यांच्या यादीत एक नाव वाढवायचंय. हे शेवटचं लोक विसरतात. मग पहिल्याच पावसाच्या दिवशी नवे वडील फाटकाशी उभे, शिपाई सोडत नाही, आणि पोरगी सगळ्यांसमोर अवघडून जाते. व्हॅनच्या काकांनाही नवा पत्ता आणि नवा फोन नंबर आदल्या शुक्रवारी द्या.

मैत्रिणींसाठी तिला एक वाक्य लागेल. तिच्याच शब्दांत ते बसवा. "हो, माझ्या आईचं लग्न झालं. आता आम्ही मिरजेला राहतो." बस्स. घरात दोन-चार वेळा मोठ्यानं म्हणून बघू द्या. पहिल्यांदा जीभ अडखळते, तिसऱ्यांदा सुटते. आणि कृपा करून तिचा फोटो त्या दिवशी कुणाच्या व्हॉट्सॲप स्टेटसला जाऊ देऊ नका, तुमच्याही नाही. वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवरचे नंबर सगळ्यांकडे असतात. तिच्या तोंडून मैत्रिणींना कळण्याआधी त्यांच्या आयांच्या फोनवरून कळायला नको. आठवड्यानं तिला विचारा आणि मग हवा तो फोटो लावा.

प्रत्यक्ष दिवस. कार्यालयातलं काम कागदावर छोटं असतं, वाट पाहणं लांब. तुमच्याकडे पहिल्या पतींचा मृत्यूचा दाखला, त्यांच्याकडे पहिल्या पत्नीचा. दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, आणि ओळखपत्रांसह तीन साक्षीदार. सगळ्याच्या मूळ प्रती आणि दोन-दोन झेरॉक्स एकाच फाइलमध्ये ठेवा. साक्षीदार सज्ञान लागतात, म्हणून लेकीची सही चालणार नाही. ती विचारेल, तेव्हा हे कारण सांगा, "तू लहान आहेस" एवढंच म्हणून झटकू नका. तिला दुसरं खरं काम द्या : दोन्ही हार तिच्या हातात, वेळ आली की तिनं द्यायचे. किंवा पेढ्यांचा बॉक्स. कामाशिवाय उभं राहिलेलं मूल आपल्याकडे कोण कोण बघतंय हे मोजत बसतं.

अकराची वेळ दिली असली तरी एक वाजू शकतो, असं धरून चला. डबा, पाणी, तिच्या आवडीचं एक पुस्तक किंवा चित्रांची वही. आणि तिच्यासाठी एक माणूस, फक्त तिच्यासाठी : मामा किंवा मावशी, ज्याची सही लागत नाही, ज्याची स्वतःची गाडी खाली उभी आहे. ती म्हणाली "मला जायचंय" तर त्यानं एकही प्रश्न न विचारता तिला बाहेर न्यायचं, हे आधी ठरलेलं असावं. तिनं पप्पांच्या आठवणीनं सह्यांच्या वेळी रडायला सुरुवात केली, तर "आजच्या दिवशी रडू नये" असं कुणी म्हणू नये. तिला जवळ घ्या, दोन मिनिटं थांबा, मग सही करा. अधिकारी थांबतात.

सासू-सासऱ्यांना त्या दिवशी तिथं यायचा आग्रह करू नका. तुमच्या लग्नाच्या दिवशी त्यांचा मुलगा त्यांना पुन्हा आठवणार आहे, ते दुःख खरं आहे. त्यांच्यापाशी एकच मागा : "तुम्ही आला नाहीत तरी चालेल, पण तिला थांबवू नका, आणि तिच्यापुढं शकुन-अपशकुन नको." सकाळी तिची वेणी आजीनंच घालावी, नेहमीसारखी. पुढं दर रविवारी ती आजी-आबांकडे राहील, असं त्यांना आत्ताच सांगा आणि ते पाळा. नात तुटणार या भीतीनं माणसं जास्त कठोर बोलतात.

गणपतीपुळे मात्र पुढं ढकला. सांगलीहून कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी करत ते साधारण दोनशे किलोमीटर. तीन दिवस शाळा बुडवून जावं असं त्यात काही नाही, आणि त्याहून मोठी अडचण खोलीची. एका लॉजच्या खोलीत तिघं, कोण कुठं झोपणार, हा प्रश्न नव्या घरातसुद्धा सुटलेला नसताना परक्या गावात तो नको. लग्नाच्या रात्री ती तिच्याच पांघरुणात झोपावी आणि तुम्ही त्या घरात असाव्यात. तुम्हा दोघांना कुठं जायचं असेल तर दोन आठवड्यांनी शनिवार-रविवार जा, ती आजीकडे राहील. तिघांची सुरुवात एखाद्या दिवसानं करा : सागरेश्वरला हरणं बघायला, किंवा औदुंबरला, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. कोकण पुढच्या सुट्टीत, दोन खोल्या घेऊन.

अशाच पेचात असलेल्या बाकीच्या वाचकांसाठी थोडं. आईचा पदवीदान समारंभ असो, बाबांची निवृत्ती असो की लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, मी दोनच गोष्टी बघायला सांगते. हा दिवस हलवता येतो का? आणि हा दिवस मुलाच्या घराचा, त्याच्या माणसांचा काही अर्थ बदलतो का? पदवीदान हलवता येत नाही. संसार करून, रात्री जागून पदवी मिळवलेल्या आईला मंचावर जाताना पाहणं हा त्या मुलाचाही दिवस आहे. खुशाल खाडा करा. बाबांच्या चाळिसाव्या वाढदिवसाची गोव्याची सहल शनिवारी निघून रविवारी परतते, तिला बुधवार-गुरुवार लागत नाहीत. दहावीच्या मुलांचं गणित वेगळं : हजेरी ७५ टक्क्यांच्या आसपास घुटमळत असेल, किंवा फेब्रुवारीच्या प्रात्यक्षिक-तोंडी परीक्षेच्या तोंडावर असेल, तर एकही दिवस नको. आणि घटस्फोटित पालकांपैकी कुणी पुन्हा लग्न करत असेल, तर कोर्टानं दुसऱ्या पालकाला ठरवून दिलेला भेटीचा दिवस लग्नासाठी घेऊ नका. तो बदलायचा असेल तर आधी लेखी कळवा, मुलाच्या तोंडून निरोप पाठवू नका. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा "मी येणार नाही" म्हणाला, तर त्याला ओढून नेऊ नका. जेवणाच्या वेळी त्याची खुर्ची मोकळी ठेवा. काही मुलं उशिरा येऊन बसतात.

तुमच्याकडे परत येते, ताई. सोमवारी कार्यालयात जाऊन दिवाळीच्या सुट्टीतली तारीख मिळते का ते विचारा. मिळाली नाही आणि शाळेचाच दिवस निघाला, तर परीक्षा संपल्यानंतरचा कोणताही वार धरा, शनिवारची सकाळची शाळा लागून येईल असा शुक्रवार असेल तर सगळ्यात सोयीचा. शनिवारी तिला नेहमीच्या वेळेला उठवा. व्हॅन मिरजेहून पहिल्यांदाच येणार, म्हणून दहा मिनिटं आधी खाली उभ्या राहा. डब्यात तिला आवडतं तेच द्या, पेढे नकोत. पेढे का आणले, हे तिला त्याच दिवशी सांगावंसं वाटेलच असं नाही. वाटलं, तर सोमवारी ती स्वतः मागेल.